बावीचा उपास

खारशेतात दामाजीच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. माणूस काही दांडगा नव्हता. चार लोकांत उभा राहिला तर नजरेतही भरायचा नाही. पण त्याच्या करदोड्याला पंपघराची चावी बांधलेली होती आणि सगळ्या गावाचं पाणी त्या चावीच्या मागे होतं. सरपंचाला लोक तोंडावर रामराम घालीत आणि पाठ वळली की त्याचा उद्धार करीत. दामाजीचा उद्धार करायचा तर बायका आधी आजूबाजूला बघून घेत. न जाणो, उद्या आपल्या आळीचा वॉल्व्ह अर्धाच उघडला तर!

तसं त्याने कधी केलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणाच्या आळीला कमी नाही, कोणाच्या आळीला जास्त नाही. सख्ख्या मेहुणीने एकदा नळकोंडाळ्यावर गोधड्या धुवायला घेतल्या, तर याने भर दुपारी तिच्यासमोर नळ बंद केला आणि "गोधड्या खाडीवर ने" म्हणून चालता झाला. मेहुणीने बोलणं टाकलं. दामाजीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट मंजुळाला, आपल्या बायकोला, तो म्हणाला की घर जरा शांत झालं.

डोंबिवलीजवळ कोपरला रूळ ओलांडून खाडीच्या अंगाने चालत गेलं की खारशेत लागायचं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरांचं रान आणि खाडी. वस्ती कोळ्यांची, थोडी आगऱ्यांची. जमिनीत कुठेही खणा, खारं पाणी. फक्त गावदेवीच्या देवळामागे एक दगडी बाव होती. विहिरीला तिकडे बावच म्हणतात. तिचं पाणी मात्र गोड. डोंबिवलीहून मासळी घ्यायला येणाऱ्या बाया मासळीच्या भावावरून हमरीतुमरीवर यायच्या, पण जाताना तांब्याभर पाणी मागून पिऊन जायच्या.

या बावीला महिन्यातून दोनदा उपास असे. अमावास्या आली, पौर्णिमा आली की खाडीला उधाण येतं, पाणी पार बांधाला लागतं. त्या दिवशी आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे बावीवर कोणी घागर घेऊन जायचं नाही. हंडे-कळशा आधीच भरून ठेवायच्या आणि उधाण उतरेपर्यंत त्यातच भागवायचं. कोणी म्हणे, हा देवीचा नेम आहे. दामाजीच्या आत्याला, आवडाबाईला, त्यात देवीला ओढायची गरज वाटत नसे. ती सरळ सांगे, "खाडी चढली का ती जागा बघतं. बाव भरलेली असली का तिला जागा मिलत नाय. तुमी उपसून ठेवली का ती आत येनार. आनि एकदा आली का लवकर जानार नाय."

आवडाबाईचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत खाडीत बुडून गेला. ती माहेरी परत आली आणि भावाच्या घरात नुसतं बसून कसं खायचं म्हणून बावीची राखण तिने आपणहून अंगावर घेतली. तिला कोणी नेमलं नव्हतं आणि काढायची कोणाची छाती नव्हती. हातात तिवराची काठी घेऊन ती बावीच्या काठावर बसे. सकाळचा पहिला पोहरा तिचा. त्यातला घोट ती तोंडात धरून ठेवी, डोळे मिटी, मग गिळी आणि म्हणे, "भरा." तेव्हा बाकीच्या घागरी आत जात. दामाजीला ही चव तिनेच शिकवली. गोड पाण्यात खार शिरायला लागला की तो जिभेच्या टोकाला कळत नाही, घोट गिळल्यावर घशाशी कळतो, एवढंच ते शास्त्र. पण ते यायला त्याला बरीच वर्षं लागली.

ऐंशी सालानंतर गावात नळयोजना आली. बावीवर मोटर बसली, देवळाशेजारी उंच टाकी उभी राहिली आणि आळीआळीत नळकोंडाळी झाली. पंप कोणी चालवायचा म्हणून ग्रामपंचायतीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी आवडाबाईकडे बघितलं आणि आवडाबाईने दामाजीकडे. दामाजीलाही ते हवंच होतं. खाडीत तोवर मासे फारसे राहिले नव्हते. वरच्या कारखान्यांचं पाणी उतरत होतं आणि जाळ्यात माशांपेक्षा फेस जास्त येत होता. योजनेचा ओव्हरसियर भला माणूस होता. त्याने दामाजीला पंपघरात उभं करून समजावलं, "हे बघा, घागरीने काढताना विहीर किती खाली गेली ते दिसतं. मोटरला डोळे नाहीत. झेपेल एवढंच उपसा. आणि तुमचा तो भरतीचा नेम आहे ना, तो सोडू नका, तो बरोबर आहे." म्हणजे आत्याने सांगितलं तेच शिकलेल्या माणसानेही सांगितलं. पुढे कोणी दामाजीला अडाणी म्हणायला गेलं तर ते खोटं ठरेल. त्याला सगळं माहीत होतं.

आणि त्याने तो नेम पाळलाही. उधाण यायच्या आधी तो टाकी काठोकाठ भरून घेई, पंपघराला कुलूप लावी आणि चावी करदोड्याला. टाकीतलं पाणी संपलं की नळ कोरडे. कोणाच्याही घरी काहीही असो.

भिवाजीच्या आईचं दिवसकार्य अमावास्येला आलं. भिवाजी म्हणजे दामाजीचा लहानपणापासूनचा सोबती. एकाच होडीवर दोघांनी अर्धं आयुष्य काढलेलं. पाहुणे फार झाले, टाकी दुपारच्या आत आटली. भिवाजी डोकं भादरलेला, उघडाबोडका पंपघराशी आला.

"दामा, आयचा दिवस हाय. घटकाभर मोटर लाव."

"अवस हाय, भिवा."

"मना म्हाईत हाय अवस हाय. घटकाभर बोलतंय मी."

"घटकाभर तुना दिली का उद्या दुसरा येईल. बावीला कलत नाय कोनाची आय मेली ती."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते बोलल्या बोलल्या दामाजीलाही कळलं, पण तोंडातून निघून गेलं होतं. भिवाजी तसाच मागे वळला. त्याने बैलगाडी जोडली आणि डोंबिवलीहून पिंपं भरून आणली. पंगत संध्याकाळी उठली. भांडण झालं नाही. पण रोज तिन्हीसांजेला भिवाजी दामाजीच्या ओटीवर विडी ओढायला यायचा, तो यायचा बंद झाला. दामाजी मंजुळाला म्हणायचा, "येल. राग उतरला का येल." तो आला नाही.

दामाजीला एकच मुलगी, तुळसा. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, म्हणून जरा जास्तच लाडाची. बापाचा सगळा तोरा गावापुढे. घरात तुळसा म्हणेल ती पूर्व दिशा. तिला स्थळ आलं ते ठाण्याच्या कोळीवाड्यातलं. मुलगा सुधीर वागळे इस्टेटीत एका कारखान्यात लागलेला, बाप महिपत. त्याने होड्या कधीच विकून टाकल्या होत्या आणि नौपाड्याच्या बाजारात त्याचा मासळीचा गाळा होता. कोळ्यांतलाच माणूस, पण मनगटावर घड्याळ, टेरिलीनचा शर्ट आणि बोलण्यात ठाण्याचा सफाईदारपणा. दामाजी त्याच्यासमोर बसला तेव्हा त्याने नकळत आपले पाय धोतराखाली ओढून घेतले.

बोलणी करायला ती माणसं आली तो चैत्राचा उन्हाळा होता. मंजुळाने पाण्याचे पेले आणले. महिपतची बायको रंगूबाई पाणी प्यायली, पदराने तोंड टिपलं आणि मायेने म्हणाली, "आमच्याकरं नल दिवसभर असतो हो. तुमच्या पोरीला पान्यासाठी वनवन नाय करावी लागनार. हितं उन्हाल्यात हाल व्हत असतील, नाय?"

बिचारीने पोरीच्या आईला धीर द्यावा म्हणून म्हटलं. दामाजीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. ज्या पाण्यासाठी त्याने मेहुणी तोडली, भिवाजी तोडला, त्या पाण्याची या बाईने कीव करावी! त्याला वाटलं, आत दाराआड उभ्या असलेल्या तुळसाची मान खाली गेली असणार. खरं तर तुळसाचं तिकडे लक्षही नव्हतं. ती फटीतून सुधीरकडे बघत होती. पण अपमान झाला असं एकदा माणसाने ठरवलं की मग तो सगळीकडे दिसायला लागतो.

त्यातच महिपतने दिवस सुचवला. "वैशाखी पुनव. मुहूर्त चांगला हाय आनि पोराला सुट्टीपन मिलते. तुमाला काय अडचन?"

दामाजीने तोंड उघडलं. पौर्णिमेला आमच्या बावीचा उपास असतो, हे शब्द पार ओठांवर आले होते. मग त्याला ती रंगूबाई दिसली, तो पेला दिसला. हे कसं सांगायचं? दिवसभर नळ असलेल्या माणसांना सांगायचं की आमच्या विहिरीला उपास असतो म्हणून तुमचा मुहूर्त बदला? ठाण्याला पोचेपर्यंत हसतील. उद्या सासरी कोणी पोरीला टोमणा मारील, उपासाच्या गावची म्हणून.

"काय अडचन नाय," दामाजी म्हणाला.

पाहुणे गेल्यावर मंजुळा बाहेर आली. "अवो, पुनवेला?"

"टाकी भरून ठेवीन. पिंपं आनीन. व्हईल सगलं."

आवडाबाई तेव्हा फार थकली होती, पण जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "दिवस बदलून घे."

"शबुद दिलाय आत्या."

"मग मना कशाला इचारतस?"

त्याने तिला विचारलंच नव्हतं.

लग्नासाठी त्याने काय नाही केलं! टाकी भरली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पिंपं मागून आणली, मांडवाच्या मागे रांजण पुरले. हळदीच्या दिवशी त्यातलं अर्धंअधिक गेलं. कोळ्यांची हळद ती. कोण किती नाचेल, किती जेवेल आणि किती वेळा तोंड धुवेल याचा अंदाज कोणी बांधायचा? लग्नाच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा रांजण कोरडे होते आणि टाकीतून फुसफुस आवाज येत होता. नेमका त्याच वेळी ठाण्याहून वऱ्हाडाचा टेम्पो आला. माणसं धुळीने आणि घामाने चिकट झालेली. रंगूबाई उतरली ती थेट नळकोंडाळ्यावर गेली. तिने नळ सोडला. नळाने घशातल्या घशात आवाज काढला आणि गप्प झाला. तिने दुसरा सोडून बघितला. मग ती इकडे तिकडे बघायला लागली, कोणाला विचारावं म्हणून.

मांडवाच्या दारात उभा राहून दामाजी हे बघत होता. त्याचा हात करदोड्याकडे गेला.

मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. तिच्या शेजारी बसलेल्या आवडाबाईने त्याचा हात बघितला. "दामा," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण त्याला ऐकू आलं. त्याने वळून बघितलं नाही.

पंपघरासमोरून खाडी दिसते. भर दुपारचं उधाण होतं, पाणी बांधाला लागून डुचमळत होतं. वैशाखातली बाव, आधीच खाली गेलेली. दामाजीने खाडीकडे बघितलं, बावीत बघितलं आणि मोटर सुरू केली.

ती घटकाभरासाठी सुरू केली होती, असं त्याने पुढे मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं. पण घटकाभराने बंद करायला तो गेलाच नाही. नळ धो धो वाहू लागले. वऱ्हाडाने पाय धुतले, तोंडं धुतली, पोरांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. उपासाच्या दिवशी नळाला पाणी आलं म्हटल्यावर गावातल्या बायकाही घरातली रिकामी भांडी घेऊन धावल्या. रंगूबाईने ओंजळीने पाणी पिऊन मंजुळाला सांगितलं, "काय गोड पानी हाय तुमचं, इहीनबाई! ठान्याच्या नलाला ही चव नाय." दामाजीने ते ऐकलं आणि त्याचा ऊर भरून आला. त्या दिवशी मोटर चालली, दुसऱ्या दिवशी पाठवणीपर्यंत चालली. आणि खरं सांगायचं तर दामाजी त्या दोन दिवसांत जितका सुखात होता तितका जन्मात कधी नव्हता. हीच गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त सलत राहिली.

भिवाजीही लग्नाला आला होता. जेवला, आहेर केला आणि पंपघराच्या बाजूला न बघता घरी गेला.

पोर सासरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजीने पहिला पोहरा काढला, घोट तोंडात धरला आणि गिळला. घशाशी काहीतरी लागलं. त्याने स्वतःला सांगितलं, रात्रीचं मटण तिखट होतं. पुढच्या सकाळी सांगितलं, पोर गेली म्हणून तोंडाला चव नाही. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. पाणी मचूळ झालं होतं. गावाच्या तोंडाला ते कळायला अजून थोडा अवकाश होता, म्हणून तो मूग गिळून बसला. पाऊस पडल्यावर पाणी जरा निवळलं तेव्हा त्याने गावदेवीला नारळ फोडला. दिवाळीनंतर बाव पुन्हा फिरली आणि होळीला डाळ शिजेना.

मग दामाजीने उपास वाढवला. उधाण उतरलं तरी मोटर लावीना. बायका पंपघरावर चालून आल्या, सरपंचाने दम भरला. हा चावी सोडीना. त्याला वाटे, बावीला विसावा मिळाला की ती आपणहून गोड होईल. एखाद्या रुसलेल्या माणसाची वाट बघावी तशी तो तिची वाट बघत बसे. बाव काही वळली नाही.

देवळात गावाची बैठक झाली. पाणी का बिघडलं? कोणी म्हणालं कारखाने, कोणी म्हणालं रेती काढणारे, कोणी म्हणालं मुळात मोटरच वाईट. लग्नाच्या दिवसाचं नाव कोणी काढलं नाही. कसं काढणार? त्या दिवशी सगळ्यांनीच भांडी भरून घेतली होती. दामाजी खांबाला टेकून बसला होता आणि कोणीतरी आपल्याकडे बोट दाखवील याची वाट बघत होता. शेवटी भिवाजी उठला. सगळ्यांना वाटलं आता हा बोलणार. भिवाजी म्हणाला, "खाडी वाढलेय आता. कोनाचा दोष नाय." आणि बाहेर जाऊन विडी पेटवली. दामाजीला वाटलं, याने चारचौघांत पायताण हाणलं असतं तर बरं झालं असतं. बैठक उठल्यावर तो भिवाजीच्या मागे जाणार होता. आईच्या दिवसाचं ते वाक्य परत घेणार होता. पण गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता भिवाजी मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेला आणि ते राहूनच गेलं.

आवडाबाईने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. गावात टँकर यायला लागला तेव्हा दामाजी तिच्यासाठी टँकरची कळशी भरून नेई. ती कळशी तशीच राही. म्हातारी बावीचं मचूळ पाणी प्यायची, डोळे मिटून, घोट तोंडात धरून, आधी प्यायची तशीच. मरेपर्यंत तेच प्यायली.

पुढे शहर सरकत सरकत गावापर्यंत आलं. खाचरांत बिल्डिंगी उभ्या राहिल्या, मोठी लाइन आली, घरोघर नळ आले. मोटर भंगारात गेली आणि टाकीवर कोणत्या तरी सिमेंटची जाहिरात रंगवली. बाव जाळी धुवायच्या कामाची तेवढी उरली. दामाजीची चावी मात्र करदोड्यालाच होती, आणि अमावास्या-पौर्णिमेला तो बावीच्या काठावर आत्याची काठी घेऊन बसायचा. जाळी धुवायला आलेल्यांना म्हणायचा, "आज नको, उपास हाय." पोरं हसायची आणि म्हाताऱ्याचा मान म्हणून परत जायची. त्याच्या मनात अजून होतं, कधीतरी एखाद्या सकाळी घोट घशाखाली गेल्यावर काहीच लागणार नाही.

तुळसाला यातलं काही माहीत नव्हतं. निदान दामाजीची तशी समजूत होती आणि त्या समजुतीवरच त्याचं बरं चाललं होतं. तिच्या लग्नापायी बाव गेली हे पोरीला कधीच कळू नये, यापलीकडे आता त्याला काही नको होतं. ती माहेरी आली की तो मंजुळालाही डोळ्यांनी दटावत असे.

शहाण्णव साली चैत्र पौर्णिमेला गावदेवीची जत्रा होती, तेव्हा तुळसा आली. येताना तिने प्लॅस्टिकचा कॅन भरून पाणी आणलं होतं. "लायनीच्या पान्याला वास येतो म्हनतेस ना तू," ती आईला म्हणाली, "म्हनून सासूनं दिलंय. तिला अजून माझ्या लग्नातलं पानी आठवतं बघ. कोन भेटलं का सांगतं, माझ्या सुनेच्या म्हायेरी जसं पानी प्याली तसं परत कदी नाय."

मंजुळा चुलीकडे वळली. भर दुपारची वेळ होती. दामाजी बावीवर बसला होता. तुळसा त्याला जेवायला बोलवायला गेली आणि पाय धुवावेत म्हणून तिने काठावरची बादली उचलली.

"नको," दामाजी म्हणाला. "पुनव हाय. उपास हाय."

तुळसा हसली. "आता कसला उपास, बाबा? ढोरंपन तोंड लावत नाय तिला. आनि माझ्या लग्नाला पुनवच व्हती की. तवा तर दोन दिस मोटर..."

ती थांबली. बादली तिच्या हातात तशीच राहिली. समोर खाडी बांधाला लागली होती. तिने खाडीकडे बघितलं, बावीत वाकून बघितलं आणि मग बापाकडे. दामाजीने मान फिरवली. काही म्हणायला हवं म्हणून तो म्हणाला, "खाडी वाढलेय आता. कोनाचा दोष नाय." भिवाजीचे शब्द, दुसरे त्याला सुचले नाहीत.

तुळसाने बादली खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी काठावर बसली.

"मना सांगाचा व्हता, बाबा."

"तुना काय सांगनार."

"मना नाय, तर सासऱ्याला. त्यानं जल्मभर खाडीच बघितलेय, त्याला उधान कलत नाय? आनि सासूच्या म्हायेरी बावीला असाच नेम व्हता. तिची आय अवसे-पुनवेला दोरी लपवून ठेवाची, ती मना हसून सांगतं." "दुसरा दिस धरला असता त्यांनी. एक शबुद टाकला असतास तर खुशीत धरला असता."

दामाजीने तोंड उघडलं. त्या चैत्रातही, पाण्याचा पेला समोर असताना, ते असंच उघडलं होतं.

"तुजी मान खाली जाईल असं वाटलं मना," तो म्हणाला.

मंजुळाने दोनदा हाका मारल्या, पण उधाण उतरेपर्यंत दोघंही तिथून उठली नाहीत.